न मोजता कळवलेलं

पहिल्या आठवड्यातल्या तिसऱ्या दिवशी, चहाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना, नव्या भाषेच्या कंपायलरने, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम चालण्याआधी तपासणाऱ्या प्रोग्रॅमने, मला विचारलं की किंमत नसेल तर काय करायचं. विचारलं म्हणजे पडद्यावर एक तांबडी ओळ आली. तिच्याखाली लिहिलं होतं की किंमत मिळाली तर काय करायचं ते तुम्ही सांगितलं आहे, मिळाली नाही तर काय करायचं ते सांगितलेलं नाही, म्हणून हा प्रोग्रॅम पुढे जाणार नाही. त्या वाक्यात राग नव्हता, आरोपही नव्हता. सराव अगदी साधा होता. दिलेल्या यादीतला सर्वांत मोठा आकडा शोधायचा, आणि यादी रिकामीही असू शकते हे मी विसरले होते. इतरांच्याही पडद्यांवर तीच ओळ आली असणार, कारण मागच्या खुर्चीवरून काका म्हणाले, "ही भाषा आहे की सासू? अजून काही केलं नाही तोवर खोट काढते." सगळे हसले. काका म्हणजे आमच्यातले सर्वांत जुने, पंचावन्नचे. हिशेबाने त्यांना नवीन काही शिकायची गरज नव्हती, पण शिकायला निवडलेल्या आठांच्या यादीत त्यांचंही नाव आलं होतं. मी हसले नाही. मी ती ओळ पुन्हा वाचत होते. किंमत नसेल तर काय. हा प्रश्न मला कोणीतरी तेरा वर्षांपूर्वी विचारायला हवा होता. तेव्हाच्या भाषेत विचारणारं कोणी नव्हतं. ती भाषा मऊ स्वभावाची. काही नसलं की ती आपल्या मनाने शून्य धरायची आणि पुढे जायची.

ज्या खोलीत आम्ही शिकत होतो तिला खिडकी नव्हती. पूर्वी तिथे बिघडलेले प्रिंटर ठेवायचे. भिंतीला त्यांच्या उंचीएवढा करडा पट्टा अजून होता. आठ टेबलं, आठ खुर्च्या, आणि एक पांढरा फळा, ज्यावरचं आधीचं लिखाण कितीही पुसलं तरी फिकट दिसत राहायचं. आमची कंपनी रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी प्रोग्रॅम करते. मी तेवीस वर्षं तिथे आहे आणि त्यातली एकोणीस वर्षं रिपोर्टाचा भाग माझ्याकडे आहे. यंत्राने मोजलेला आकडा घ्यायचा, तो मर्यादेत आहे की बाहेर हे ठरवायचं, आणि कागदावर छापायचं. आता सगळं नव्या भाषेत पुन्हा लिहायचं ठरलं होतं. दोन महिन्यांच्या शिकवणीनंतर आठांपैकी चारजण नव्या कामाला जाणार होते आणि बाकीचे फोनवर. फोनवर म्हणजे लॅबमधून कोणी कळवणार, कागद अडकलाय, आणि आपण सांगायचं, झाकण उघडून बघा. हे कोणी असं स्पष्ट बोललं नव्हतं. पण शिकवणीच्या पहिल्या दिवशी फोनच्या खोलीत चार नवीन खुर्च्या आल्या होत्या, प्लास्टिकसकट.

शिकवणारी मुलगी अठ्ठावीस वर्षांची. बाहेरून आणली होती. ती सगळ्यांना अहो-जाहो करायची, मला मॅडम म्हणायची, आणि चूक दाखवताना आवाज खाली आणायची, आजाऱ्याच्या खोलीत बोलल्यासारखा. "या भाषेत प्रत्येक गोष्टीला टाइप असतो," ती म्हणाली होती. "टाइप म्हणजे त्या जागी काय काय असू शकतं त्याची पूर्ण यादी. यादीबाहेरचं काही तिथे येऊच शकत नाही. आणि यादीतल्या प्रत्येक शक्यतेचं काय करायचं ते तुम्हाला लिहावंच लागतं. एक जरी राहिली तरी कंपायलर पुढे जाऊ देत नाही." काकांनी विचारलं, "आणि आम्हाला सगळ्या शक्यता माहीतच नसल्या तर?" ती म्हणाली, "मग आधी त्या शोधा, सर." काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हे लग्नाआधी कोणी सांगितलं असतं तर."

खरं सांगायचं तर मला ते फार लवकर येऊ लागलं. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही, थोडा रागच आला. पंचवीस वर्षांपूर्वी मी गणित शिकले होते, आणि ही मुलगी फळ्यावर जे काढत होती, एका फंक्शनचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडी देणं, दोन लहान फंक्शनं जोडून तिसरं करणं, ते सगळं मी तेव्हा वहीच्या कडेकडेला रंगीत पेन्सिलीने काढलेलं होतं. आम्हाला शिकवणाऱ्या बाई एका बाजूला एक गोल काढायच्या, दुसऱ्या बाजूला दुसरा, मधे बाण, आणि मग वर्गाकडे पाठ ठेवूनच विचारायच्या, "कोणी उरलं का?" पहिल्या गोलातला एकही ठिपका बाणाशिवाय राहता कामा नये, नाहीतर ते फंक्शनच नाही. बाईंनी मला पुढे संशोधनासाठी ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं. मग वडिलांचं आजारपण, मग लग्न, मग ही नोकरी. कोणी जबरदस्ती केली नाही, मी स्वतःच एकेका वेळी एकेक होकार देत गेले. नोकरीत शिकलेल्या भाषांना गोल नव्हते आणि ठिपकेही नव्हते. तिथे सगळं बदलत राहायचं. एका डब्यात सकाळी पाच ठेवले तर संध्याकाळी तिथे काय असेल याचा नेम नसायचा, कोणीही येऊन काहीही ठेवून जायचं. या भाषेत डबाच नव्हता. एकदा दिलेली किंमत बदलायची नाही. बदल हवा तर नवी प्रत करायची, जुनी आपल्या जागी तशीच राहते. मला हे इतकं आवडलं की आवडल्याची लाज वाटली. एकोणपन्नासाव्या वर्षी, बिघडलेल्या प्रिंटरांच्या खोलीत, मला माझी वही परत मिळाली होती, आणि ती मला शिकवत होती माझ्याहून एकवीस वर्षांनी लहान मुलगी, जिला बाण नीट काढता येत नव्हते.

घरी त्याची थट्टा होऊ लागली. नवरा म्हणाला, "हिला हल्ली भाजी आण म्हटलं की विचारते, नसली तर?" आणि वन्सं, म्हणजे माझी मोठी नणंद, खालच्याच मजल्यावर राहतात आणि चहाला वर येतात, त्या म्हणाल्या, "अरे, बरोबरच आहे तिचं. भाजी नसली तर तू नुसते हात हलवत येतोस." मग माझ्याकडे वळून, "काय गं, पास होशील ना? नाहीतर या वयात वर्गाबाहेर उभं करतील." मी म्हटलं, "होईन." त्या हसल्या. त्यांच्या गळ्यावर उजव्या बाजूला बोटभर लांबीचा व्रण आहे. हसताना तो आधी ताणतो आणि मग दिसेनासा होतो. मी तो बघते हे त्यांना माहीत आहे. का बघते ते माहीत नाही.

तेरा वर्षांपूर्वी एका लॅबने नवीन यंत्र घेतलं. रक्तातलं एक प्रथिन मोजायचं. आकडा चारच्या वर गेला तर गाठीचा संशय, पुढच्या तपासण्या. जुनं यंत्र नमुना खराब असला तर तशी खूण पाठवायचं. नवीन यंत्र काहीच पाठवायचं नाही, रिकामी जागा यायची. माझ्या प्रोग्रॅमने रिकामी जागा शून्य वाचली. शून्य चारपेक्षा कमी. रिपोर्टावर छापलं गेलं, मर्यादेत. नवव्या दिवशी लॅबमधल्या तंत्रज्ञाचा फोन आला. तो हसत होता. "तुमच्या प्रोग्रॅमला शून्य फार आवडतं का हो?" तो म्हणाला. मी म्हटलं, बघते. बघितलं. मग त्या नऊ दिवसांतले रिकाम्या आकड्यांचे रिपोर्ट काढले, सतरा होते. नावं मी वाचली नाहीत, वयं आपोआप दिसली. सर्वांत मोठं एकाहत्तर, सर्वांत लहान तेहतीस. मी एक ओळ बदलली, रिकामं असेल तर थांबायचं, आणि बदलांच्या वहीत लिहिलं, किरकोळ सुधारणा. तो गुरुवार होता. त्या आठवड्यात कंपनीला मोठं काम मिळत होतं आणि सगळ्यांना बजावलं होतं की या चार दिवसांत काही हलवू नका. मी ठरवलं, सोमवारी सांगू. सोमवारी सांगायला गेले असते तर गुरुवारी का नाही सांगितलं हेही सांगावं लागलं असतं. मंगळवारी सोमवारचं. असं ते रोज एका दिवसाने जड होत गेलं आणि एक दिवस इतकं जड झालं की उचलायचा प्रश्नच उरला नाही. मग मी मनाशी बोलायला एक वाक्य तयार केलं. ज्यांना काही झालं नसेल त्यांना उगाच कशाला घाबरवायचं, आणि ज्यांना झालं असेल त्यांना आता सांगून काय उपयोग. ते वाक्य चांगलं होतं, बरीच वर्षं पुरलं.

पुढच्या वर्षी वन्संच्या गळ्याला गाठ आली. डॉक्टरांनी आधीचे रिपोर्ट मागितले तेव्हा त्या सहज म्हणाल्या की मागच्या वर्षी एकदा रक्त तपासलं होतं, सगळं मर्यादेत होतं. लॅबचं नाव त्यांनी सांगितलं. मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन मी त्यांचा क्रमांक त्या सतरांशी ताडून पाहिला. त्या सतरांत नव्हत्या. त्यांचा आकडा खरा होता, एक पूर्णांक दोन. मला सपाटून भूक लागली. दुपारी डबा संपवून मी खाली जाऊन आणखी काहीतरी घेऊन खाल्लं. वन्संची गाठ साधी निघाली. पण ती भूक मी विसरले नाही. सतरा माणसं होती तिथेच होती, त्यांच्यातलं एकही कमी झालं नव्हतं, आणि मला भूक लागली होती.

सहाव्या आठवड्यात प्रत्येकाला आपापला जुना भाग नव्या भाषेत लिहायला दिला. हीच परीक्षा. मी रिपोर्टासाठी तीन शक्यतांचा टाइप केला: मोजलेलं, ज्याच्यासोबत आकडा असतो, मोजता न आलेलं, म्हणजे नमुना अपुरा किंवा खराब, आणि रद्द. मोजता न आलेलं असेल तर रिपोर्टावर छापायचं की पुन्हा नमुना देण्यास कळवलं आहे, आणि पुढे त्या व्यक्तीचा नमुना आलेला नसेल तर तसंही छापायचं. लहान लहान फंक्शनं, एकेक चार-पाच ओळींचं, एकाचं उत्तर दुसऱ्याच्या ओंजळीत. शिकवणारीने ते वाचलं आणि वर जाऊन पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाली, "मॅडम, याआधी तुम्ही हे कुठे केलं होतं?" मी म्हटलं, "कागदावर." त्यानंतर जुन्या नोंदी नव्या टाइपमध्ये बसवायच्या होत्या. एकोणीस वर्षांचे रिपोर्ट, छत्तीस लाखांहून जास्त. मी प्रोग्रॅम चालू करून पाणी प्यायला गेले. परत आले तेव्हा पडद्यावर उत्तर होतं. बसलेल्या नोंदी छत्तीस लाख आणि काही हजार. न बसलेल्या सतरा.

उघडून बघायची गरज नव्हती, तरी उघडल्या. आकडा रिकामा, शेरा मर्यादेत. आकडा नाही म्हणून ते मोजलेलं होऊ शकत नव्हतं, आणि मर्यादेत असा शेरा आहे म्हणून मोजता न आलेलं होऊ शकत नव्हतं. माझ्या सुंदर टाइपमध्ये त्यांना जागा नव्हती. एक सोपा मार्ग होता. या भाषेत शक्यतांच्या यादीखाली एक रेघ ओढून म्हणता येतं, बाकी काहीही असलं तर अमुक करा. मग कंपायलर गप्प बसतो. शिकवणारीने दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं की ते करू नका. "ते कंपायलरच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं आहे," ती म्हणाली होती. मी ती रेघ लिहिली. खाली 'दुर्लक्ष' असा शब्द लिहिला. तो शब्द वाचत बसले. शेजारी काका आपल्या तांबड्या ओळींशी पुटपुटत भांडत होते. वर छतात हवा फिरवणारं यंत्र दर दीड मिनिटाला खोकल्यासारखं करत होतं. मग मी रेघ पुसली आणि टाइपमध्ये चौथी शक्यता लिहिली. तिला नाव हवं होतं. मी पुष्कळ नावं लिहून पाहिली, 'विसंगत', 'संशयित', 'जुना दोष'. प्रत्येक नावात कोणीतरी तोंड फिरवून उभं होतं. शेवटी जे घडलं तेच लिहिलं: न मोजता कळवलेलं.

नाव लिहिताक्षणी अकरा ठिकाणी तांबडं झालं. छपाईत, मोजणीत, शोधात, महिन्याच्या तक्त्यात, अकरा जागी कंपायलरने विचारलं, हे असेल तर काय करायचं? मी दोन दिवस त्या अकरा प्रश्नांची उत्तरं लिहीत होते. तक्त्यात ते वेगळ्या रकान्यात दाखवायचं. शोधात ते वर यायचं. बाकीची उत्तरं याहून सोपी होती. अकरावं उत्तर म्हणजे लॅबला जाणारं पत्र. ते मी सर्वांत शेवटी ठेवलं होतं. पत्र चार वाक्यांचं झालं. या रिपोर्टातला आकडा मोजलेला नव्हता. तरीही तो मर्यादेत असल्याचं कळवलं गेलं. चूक आमच्या प्रोग्रॅमची होती. कृपया त्या व्यक्तीला ताबडतोब कळवावं. तिसऱ्या वाक्यात मी आधी 'माझी' लिहिलं होतं. कंपनीच्या पत्रात माझी बसत नाही म्हणून बदललं. मग प्रोग्रॅम पुन्हा चालवला. न बसलेल्या नोंदी शून्य. पत्रं तयार, सतरा. तेवीस वर्षांत मी इतकं नीटनेटकं काही लिहिलं नव्हतं. घरी जाताना मला पाय हलके वाटले आणि त्या हलकेपणाचा संशय आला, पण मी तो बाजूला सारला. पत्रं पाठवण्याचं बटण माझ्या हातात नव्हतं. आधी तपासणी व्हायची होती.

तपासणीला शिकवणारी माझ्या शेजारी बसली. ती खाली खाली वाचत गेली, दोनदा मान डोलावली, आणि चौथ्या शक्यतेपाशी थांबली. "हे काय आहे, मॅडम?"

"जसं लिहिलंय तसंच."

"पण ही शक्यता कशी असेल? मोजलंच नाही तर कळवणार काय?"

"मर्यादेत म्हणून कळवलं."

"असं प्रत्यक्षात घडलंय?"

"सतरा वेळा."

तिने पेन टेबलावर आडवं ठेवलं. "मग हा जुन्या डेटाचा दोष झाला. दोषाला टाइपमध्ये जागा द्यायची नसते. जे अशक्य आहे ते लिहिताच येऊ नये, हाच तर या सगळ्याचा मुद्दा आहे ना? दारातच साफ करून घ्या आणि मग आत आणा. आकडा नाही म्हणजे मोजता न आलेलं. तीनच शक्यता, किती छान होत्या." तिचं काही चुकत नव्हतं. पुस्तकातलंच सांगत होती, आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच सांगितलं असतं, बहुधा याच आवाजात. मी म्हटलं, "अशक्य नाही ते. झालेलं आहे." ती गोंधळली. म्हणाली, "पत्राचं मात्र मला ठरवता येणार नाही. सरांना विचारावं लागेल."

सर म्हणजे लांब्या. तो आणि मी एकाच दिवशी नोकरीला लागलो. तेव्हा तो दारातून वाकून आत यायचा म्हणून सगळे त्याला लांब्या म्हणायचे. आता तो विभागाचा प्रमुख आहे आणि चारचौघांत मीही त्याला सरच म्हणते. त्याने दार लावून घेतलं. टेबलावर माझ्या पत्राची छापील प्रत होती.

"बस."

"उभी बरी आहे."

"तेरा वर्षांपूर्वीचं आता कशाला उकरून काढतेस?"

पत्रावर तारीख नव्हती. शिकवणारीलाही मी साल सांगितलं नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले. "तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"बदलांची वही तेव्हा मी तपासायचो. किरकोळ सुधारणा लिहून तू एकच ओळ बदलली होतीस. ती वाचायला किती वेळ लागतो?"

"आणि बोलला नाहीस."

"तू बोलली नाहीस. मला वाटलं, हिने बघितलं असेल, विशेष काही नसेल. नाहीतर ही गप्प बसणारी बाई नव्हे." त्याने चष्मा काढून पत्रावर ठेवला. "किती होते?"

"सतरा."

"मला वाटलं, तीन-चार असतील," तो म्हणाला. तो थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि ती जमत नव्हती. तेरा वर्षं आम्ही दोघं एकाच टेबलावर डबा खात होतो. मला वाटायचं की मी एक दार लावून घेतलं आहे आणि आत एकटी आहे. तो त्याच खोलीत दुसऱ्या कोपऱ्यात बसून जेवत होता. "हे बघ," तो म्हणाला, "ज्यांना काही झालं नसेल त्यांना उगाच कशाला घाबरवायचं? आणि ज्यांना झालं असेल त्यांना आता सांगून काय उपयोग?" शब्द न् शब्द तोच. माझं वाक्य. माझ्या डोक्यात ते दुःखी वाटायचं, थोडं शहाणंही. त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते एखाद्या दुकानदाराने माल परत न घेताना बोलावं तसं वाटलं.

"त्या सतरांतलं कोणी तुझं असतं तर?" मी विचारलं.

"तुझं होतं का?"

मी ताडून पाहिलं होतं हे त्याला सांगितलं असतं तर त्यालाही भुकेचं समजलं असतं, कदाचित.

"पत्र गेलं की दोन दिवसांत इथे वकील येतील. नवीन काम बंद पडेल. ती मुलगी जाईल, काका जातील, सगळेच जातील. आणि ऐक," तो पुढे झुकला, आवाज बदलला, त्यात खरोखरच आपुलकी होती, "चारजणांत तुझं नाव पहिलं आहे. तिने लिहून दिलंय. म्हणते, मॅडमना ही भाषा उपजत येते. मला तर त्यातलं एक पानही कळलं नाही. तुला हे आवडतं ना? मला दिसतं ते. तेवीस वर्षांत तुझा चेहरा असा कधी पाहिला नव्हता." मी त्याच्याकडे पाहिलं. तो धमकी देत नव्हता, तसं असतं तर बरं झालं असतं. मला कशाने विकत घेता येईल हे त्याला बरोबर कळलं होतं, आणि ते त्याने प्रेमाने सांगितलं. मी म्हटलं, "तीनच शक्यता ठेवते." तो म्हणाला, "शहाणी आहेस," आणि चष्मा घालून पत्र खणात टाकलं. फाडलंसुद्धा नाही.

खोलीत शिकवणारी थांबली होती. काका फोनच्या खोलीतल्या खुर्च्या बसून बघायला गेले होते, निदान तसं सांगून गेले होते. "काय म्हणाले सर?" तिने विचारलं. मी म्हटलं, "तुमचंच बरोबर आहे म्हणाले." तिला आनंद झाला, पण तिने तो आवरला, ती चांगली मुलगी आहे. खुर्ची ओढून ती माझ्या शेजारी बसली. मी टाइपमधली चौथी ओळ निवडली आणि पुसली.

अकरा ठिकाणी तांबडं झालं. ज्या शक्यतेचं नाव आता कुठेच नाही तिच्याबद्दल तुम्ही इथे लिहिलं आहे, कंपायलर म्हणत होता, आणि इथे, आणि इथे. माझी कल्पना होती की एक ओळ पुसली की झालं. जुन्या भाषेत तसंच झालं असतं. तिथे बाकीचं कोपऱ्याकोपऱ्यात पडून राहिलं असतं आणि कोणाला पत्ता लागला नसता. ही भाषा तसं करू देत नाही. तिने मला एकेका जागी नेऊन उभं केलं. छपाईतून मी ते काढलं. मोजणीतून काढलं. तक्त्यातला रकाना काढला. प्रत्येक वेळी शिकवणारी हळूच आकडा म्हणत होती, दहा राहिले, नऊ राहिले, मला धीर देत असल्यासारखी. शेवटच्या जागी पत्र होतं. चार वाक्यं. मी ती एकेक करून पुसली, खालून वर, त्यामुळे सर्वांत शेवटी आकडा मोजलेला नव्हता एवढंच उरलं, आणि मग तेही गेलं. तांबडं नाहीसं झालं. मी जुन्या नोंदी पुन्हा आत घेतल्या. आकडा नसेल तर मोजता न आलेलं, जुना शेरा सोडून द्यायचा. न बसलेल्या नोंदी शून्य.

"एखादी उघडून बघूया," शिकवणारी म्हणाली. "नीट उतरतंय ना ते."

मी सतरांतल्या तेहतीस वर्षांच्या व्यक्तीची नोंद उघडली. नव्या अक्षरांत, सरळ रेषेत, तेव्हाच्या तारखेसह रिपोर्ट आला. माझी लहान लहान फंक्शनं एकामागून एक बरोबर चालली होती, कुठेही चूक नव्हती. नमुना अपुरा. पुन्हा नमुना देण्यास कळवलं आहे. त्याखाली, तेरा वर्षांच्या नोंदी शोधून मिळालेलं शेवटचं वाक्य: संबंधित व्यक्ती पुन्हा आली नाही.

"किती निष्काळजी असतात ना लोक," शिकवणारी म्हणाली. "एवढं कळवूनसुद्धा."

मी म्हटलं, "हो."